घाटात ट्रक तापतो म्हणून लगेच इंजिन उघडू नकोस

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका तरुण ट्रकमालकाने विचारलंय: "माझा एकच दहा चाकी ट्रक आहे, २०१४ चा, साध्या पंपाचा. मीच चालवतो. कुंडई औद्योगिक वसाहतीतला माल घेऊन आठवड्याला दोन-तीन फेऱ्या बेळगाव-हुबळीच्या होतात. गेले दोन महिने अनमोड घाट चढताना काटा लाल पट्ट्यात जातो, अर्ध्या घाटात थांबावं लागतं. सपाटीला काही त्रास नाही. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅसकेट गेलंय, आणि उघडायचंच तर फुल इंजिन करून घे. पावणेदोन लाख सांगतो. बँकेचा हप्ता चालू आहे. काय करू?"

गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील, गेलेलं असेलही. पण तू लिहिलंयस तेवढ्यावरून ते कोणालाच सांगता येणार नाही, तुझ्या मेस्त्रीलाही नाही. त्याने काय तपासलं, कशावरून ठरवलं, हे तुझ्या प्रश्नात कुठेच नाही. त्याला आधी तेवढंच विचार: "कशावरून?" त्याने बुडबुडे दाखवले, तेलात पाणी दाखवलं, तर पुढे बोलू. "अनुभवावरून" म्हणाला तर ट्रक घरी आण आणि दोन दिवस स्वतः बघ. हे दोन दिवस बुडाले असं समजू नकोस. इंजिन उघडलं की ट्रक पंधरा दिवस उभा, आणि आपल्यासारख्या एका ट्रकवाल्याला गॅरेजच्या बिलापेक्षा ते पंधरा दिवसच जास्त मारतात.

मी सत्तरी तालुक्यातल्या होंडा गावचा. पहिला ट्रक १९९६ साली घेतला, तोही मातीवर, म्हणजे खनिजावर चालवायला. वेळगे-पिसुर्ल्याच्या खाणींवरून माल भरायचा आणि आमोण्याच्या जेटीवर बार्जीसाठी ओतायचा. २००७ च्या एप्रिलमध्ये माझा टिपर तापायला लागला. चालताना ठीक, पण जेटीवर रांगेत मुंगीच्या पावलाने सरकताना काटा वर. एका गॅरेजने हेड उतरवलं, गॅसकेट बदललं, हेड लेथवर घासून आणलं. आठ दिवस गेले, पुन्हा तेच. दुसऱ्याने रेडिएटर काढून रॉडिंग केलं, म्हणजे आतल्या नळ्या सळीने साफ केल्या. तरी तेच. शेवटी साखळीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने पाना हातात घेतलाच नाही. इंजिन स्लोवर ठेवलं, वर्तमानपत्राचं एक पान रेडिएटरसमोर धरलं आणि सोडलं. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. माझा कागद खाली पडला. मग त्याने दाखवलं: पंख्याभोवती पत्र्याचं जे गोल कव्हर असतं, शराउड म्हणतात ते, त्याचा अर्धा भाग जागेवर नव्हता. दोन महिन्यांपूर्वी बेल्ट बदलताना कोणीतरी काढला आणि बोल्ट तुटला म्हणून परत लावलाच नाही. पंखा फिरत होता, पण रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत होता. नवं कव्हर चारशे-पाचशेत बसलं. त्याआधी माझे दीड महिन्याचे पैसे आणि एक चांगलं गॅसकेट फुकट गेलं होतं.

ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी की ट्रक कधी तापतो, यातच अर्धं निदान असतं. माझा उभ्याने तापत होता, म्हणजे हवेची भानगड. तुझा सपाटीला थंड आणि चढावर गरम. चढावर इंजिन पूर्ण जोर लावतं, सर्वांत जास्त उष्णता तिथेच तयार होते, आणि गाडीचा वेग कमी असल्याने समोरून वारा मिळत नाही. गार करण्याची ताकद थोडी जरी कमी झाली असेल तरी सपाटीला ते कळत नाही, घाटात उघडं पडतं. तुझ्या बाबतीत माझा पहिला संशय रेडिएटरवर आहे, गॅसकेटवर नाही.

रेडिएटर समोरून बघून "स्वच्छ आहे" म्हणू नकोस. त्याच्या पुढे टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर असतो आणि कचरा अडकतो तो दोघांच्या मधल्या फटीत. आपल्याकडची तांबडी धूळ, त्यात ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, उडणारी तेलाची वाफ, दोन्ही मिळून चिखलासारखा थर बसतो, नुसत्या हवेने तो निघत नाही. इंटरकूलरचे बोल्ट सैल करून पुढे सरकव आणि टॉर्च मारून बघ. धुताना इंजिनच्या बाजूने पुढे पाणी मार, म्हणजे कचरा ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर जाईल. साबणाचं पाणी टाकून अर्धा तास थांब, मग कमी दाबाने धू. वॉशिंग सेंटरची पिचकारी जवळून मारलीस तर जाळीचे पातळ पत्रे आडवे होतात आणि होती ती हवाही बंद होते.

त्याच वेळी खालचा होज हाताने दाबून बघ. पंप पाणी ओढतो तो याच होजमधून. होज जुना होऊन मऊ पडला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली तर इंजिन रेस केल्यावर तो चपटा होतो. स्लोवर सगळं ठीक दिसतं, घाटात मात्र पाणी फिरत नाही. एकाला रेस द्यायला सांग आणि तू होजवर नजर ठेव.

रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघ. पाण्यावर दाब असला की ते उशिरा उकळतं. दर एका पौंड दाबाला साधारण दीड अंश. रबर फाटलं की दाब राहत नाही, पाणी शंभरालाच उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. दीडशे-दोनशेचं झाकण आहे, संशय आला तर बदलून टाक. पंख्याला व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला धरून फिरवणारा) असेल तर इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवून बघ. सहज गरगर फिरला तर क्लच गेला.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे ट्रक तापला की मेस्त्रीचा पहिला उद्योग थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा, आणि मला याची मनापासून चीड आहे. तुझा जागेवर आहे का बघ. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं. म्हणजे घाटात उलट जास्त तापतो, आणि पावसाळ्यात सपाटीला इंजिन पुरेसं गरम होत नाही, डिझेल जास्त पितं, तेल काळं होतं. तपासायला सोपा आहे. भांड्यात पाणी घेऊन त्यात दोरीने टांग आणि चुलीवर ठेव. त्यावर तापमान कोरलेलं असतं, बहुतेकांवर ८२-८३ च्या आसपास. तिथे उघडायला लागला पाहिजे.

आणि काटा खरं बोलतोय का तेही बघ. सेन्सरची किंवा अर्थिंगची वायर गंजली की काटा मनाला येईल तिथे जातो. वास्कोला बंदराजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना तर खाऱ्या हवेने हे हमखास होतं. तापमान मोजायची लेसरवाली बंदूक हजारभर रुपयांत मिळते. घाटात थांबलास की थर्मोस्टॅटच्या घरावर मार, मग रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजवर. वरचा तापलेला आणि खालचा बऱ्यापैकी गार असेल तर रेडिएटर काम करतोय. दोन्ही सारखेच तापलेले असतील तर त्याच्यातून उष्णता जात नाही. हे आकडे वहीत लिही. त्याच बंदुकीने सगळ्या चाकांचे ब्रेक ड्रम बघ. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक धरून राहिलाय, आणि तुझं इंजिन घाटभर तो ब्रेक ओढत चढतंय.

हे सगळं झाल्यावर गॅसकेटकडे ये. सकाळी थंड इंजिनात रेडिएटर तोंडापर्यंत भर, झाकण न लावता सुरू कर. सुरुवातीला अडकलेली हवा दोन-तीन मिनिटं निघते, ती सोडून दे. नंतरही बुडबुड्यांची धार चालूच राहिली, रेस दिल्यावर वाढली, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. दुसरी खूण: झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक झाला, पाणी अजून गारच, तर तो दाब गॅसचा. पण स्लोवर बुडबुडे आले नाहीत म्हणजे सुटलास असंही नाही. काही गॅसकेटं फक्त जोर लागल्यावर गळतात. त्यासाठी ओव्हरफ्लोची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवून बाटली नीट बांध, घाट चढ आणि दूधसागर देवळाच्या आसपास सुरक्षित जागा बघून थांब. इंजिन चालू असताना, पाणी उकळत नसूनही, बाटलीत गुडगुड चालू असेल तर गॅसकेट किंवा हेड.

तेल आणि पाणी एकत्र झालेलं दिसलं तरी घाबरून फुल इंजिनला होकार देऊ नकोस. रेडिएटरमध्ये तेलाचा साका आहे पण डिपस्टिकचं तेल स्वच्छ आहे, असं असेल तर आधी ऑइल कूलर तपासायला सांग. चालत्या इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून कूलर फुटला की तेल पाण्यात जातं. कूलरचं काम हेड न उतरवता होतं. याच खुणेवर हेड उतरवलेले ट्रक मी पाहिलेत.

"उघडायचंच तर फुल इंजिन" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. कधी ते बरोबरही असतं. पण लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टन बदलायला कारण लागतं: ब्रीदरमधून भकाभका धूर, हजार किलोमीटरला लिटर-दोन लिटर तेल, गरम झाल्यावर तेलाचा दाब पडणं, कॉम्प्रेशन कमी. यातलं काही नसेल आणि नुसतं गॅसकेट गेलं असेल तर हेड उतरव, लेथवाल्याकडे प्रेशर टेस्ट करून घे, सपाटी पट्टी आणि फीलर गेजने तपासून घे, लायनर ब्लॉकच्या वर किती उचललेले आहेत ते डायल गेजने मोजायला सांग. लायनर खाली खचलेला असेल तर नवं गॅसकेटही सहा महिन्यांत जाईल, आणि मग दोष गॅसकेटच्या कंपनीला देतात.

गॅरेज कसं ओळखायचं? बोर्ड किती मोठा आहे ते बघू नकोस, टेबलावर काय आहे ते बघ. टॉर्क पाना आहे का आणि तो वापरलेला दिसतो का? हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या जोराने आवळायचे असतात. अंदाजाने आवळणारा माझ्या इंजिनाला हात लावत नाही. काढलेले पार्ट परत देतो का? बेअरिंगच्या मागे साइज कोरलेली असते, स्टँडर्ड की ०.२५ की ०.५०, ती तुला दाखवतो का? पार्ट खोक्यासकट आणून तुझ्यासमोर फोडतो का? मजुरी आणि सामान वेगळं लिहून दे म्हटल्यावर तोंड वाकडं करतो का? फोंड्यात, साखळीत, म्हापशाला करासवाड्याकडे चांगले कारागीर आहेत. काही अगदी पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, पण मोजल्याशिवाय बोलत नाहीत. पंप-नोझलचं काम मात्र टेस्ट बेंच असलेल्याकडेच दे. आणि काम चालू असताना तिथे बसून राहा. मी दोन्ही फुल इंजिनं स्वतः बसून करून घेतली. मेस्त्रीला त्याचा राग येत नाही, चांगल्या मेस्त्रीला तर आवडतं.

पाण्याबद्दल थोडं, कारण आपल्या भागात याकडे कोणी बघत नाही. विहिरीचं किंवा झरीचं पाणी आपण रेडिएटरला सर्रास घालतो. जांभ्या दगडातलं हे पाणी प्यायला गोड असतं, पण थोडं आम्लधर्मी आणि बऱ्याचदा लोहयुक्त. ब्लॉकच्या आत ते गंज धरतं. किनाऱ्याकडच्या विहिरींत मिठाचा अंश असतो, ते आणखी वाईट. शिवाय लायनर चालताना थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे फुटून खड्डे पडतात आणि एक दिवस लायनर आरपार होतो. कूलंटमधलं रसायन हेच अडवतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीला बदल. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा माझे दोन ट्रक दारात उभे राहिले. एकात कूलंट होतं, दुसऱ्यात झरीचं पाणी. जवळजवळ दोन वर्षांनी उघडले तेव्हा पहिल्याचा ब्लॉक आतून राखाडी, दुसऱ्यातून हाताने काढावा लागला इतका तांबडा गाळ. तो दुसरा मी भंगारापेक्षा थोड्या वरच्या भावात विकला. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झालं तेव्हा गावातल्या पोरांना मी घरोघरी जाऊन सांगितलं: टाकी डिझेलने भरून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी सुटतं, दर पंधरा दिवसांनी इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, साधं पाणी काढून कूलंट घाला. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्या नंतर रेती-खडीवर आणि मोपा विमानतळाच्या कामावर लागल्या.

आता घाटातलं. चढताना मोठा गिअर धरून इंजिन कण्हत ठेवू नकोस. एक गिअर खाली घे, आरपीएम वर राहू दे, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात आणि पिस्टनच्या प्रत्येक फटक्यावरचा ताणही कमी होतो. काटा वर चढायला लागला की लाल पट्ट्याची वाट न बघता थांब. थांबल्यावर लगेच बंद करू नकोस. पाणी असेल तर थोडा रेस ठेवून पाच मिनिटं चालू दे. लगेच बंद केलंस तर पाणी जागच्या जागी उकळतं आणि टर्बोतलं तेल जळतं. पाणीच गेलं असेल, होज फुटला असेल, तर मात्र त्याच क्षणी बंद.

माझ्या हातून यात एक मोठी चूक झालीय. जुलै महिना, रात्री साडेदहा, अनमोडच्या एका वळणावर खालचा होज फुटला. धो धो पाऊस, मागे दोन कंटेनर. पुढे जायची घाई झाली. होज बदलला आणि ओहोळाचं गार पाणी तसंच तापलेल्या इंजिनात ओतलं. दोन व्हॉल्व्हच्या मधे हेडला चीर गेली. निदान पाऊण तास थांबायला हवं होतं आणि पाणी थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून घालायला हवं होतं. त्या रात्री एवढं मात्र नीट केलं की आधी मागच्या चाकांना दगड लावले, क्लीनरला टॉर्च देऊन वळणाच्या मागे पन्नास-साठ पावलांवर उभं केलं. वळणावर त्रिकोण ट्रकच्या जवळ ठेवून उपयोग नाही, येणाऱ्याला तो वळण संपल्यावरच दिसतो. आणि निघताना दगड उचलून कडेला टाक. आपण सोडून गेलेल्या दगडावर दुचाकीवाला मरतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून दर वेळी सांगतो.

उतरताना, चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास की पायथ्याच्या मोल्याला पोचेपर्यंत ड्रम तापून लायनिंग पकडेनाशी होते. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) चालतो का ते घाटात नको, घरीच तपास. एअर टाक्यांतलं पाणी रोज संध्याकाळी सोड. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात पेलाभर निघतं, आणि तेच पुढे व्हॉल्व्ह अडकवतं.

विम्याचं एकच सांगतो. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही. गॅसकेट, लायनर त्यात येत नाहीत. पण अपघातातही एक फसवणारी जागा आहे. माझ्या ओळखीच्या एकाचा संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, रस्त्यातल्या दगडाला लागून फुटला. तेल गळत असताना तो तसाच चार किलोमीटर गॅरेजपर्यंत गेला आणि इंजिन जाम झालं. संपचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाही, कारण नुकसान दगडाने नाही तर पुढे चालवल्याने झालं असं सर्व्हेअरने लिहिलं. तेलाचा दिवा लागला, पाण्यात गाडी बुडाली, तर जागेवर बंद कर, फोटो काढ, कंपनीला फोन कर आणि ओढून ने. बुडालेलं इंजिन तर सुरू करूनच बघू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वजनाचंही खरं खरं बघ. तुझ्या दहा चाकीची एकूण मर्यादा कागदावर असेल तेवढीच. २०१८ मध्ये तीन अॅक्सलची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली म्हणून जुन्या नोंदणीची गाडी आपोआप तेवढी होत नाही. पकडलं तर वीस हजार आणि वरच्या दर टनाला दोन हजार. पण दंड बाजूला ठेव. दोन महिन्यांपूर्वी माल बदलला का? वजन वाढलं का? तसं असेल तर तुझा ट्रक बिघडलेलाच नाही, तो जास्तीचं ओझं सांगतोय.

या रविवारी इंटरकूलर सरकवून मधली फट बघ, होज आणि झाकण बघ, थर्मोस्टॅट उकळून बघ. सोमवारच्या फेरीला बाटली बांध, आणि चढाच्या सुरुवातीला व थांबशील तिथे दोन्ही होजचे आकडे लिहून घे. ते आकडे आणि बाटलीत काय दिसलं ते मला कळव. तोवर हेडला कोणालाही पाना लावू देऊ नकोस.